नवरदेवाचा दाखला कोण मागणार?

परदेशात स्थायिक झालेल्या पतीकडे कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या भारतीय स्त्रीला आपल्यावर गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलीस दाखला द्यावा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांच्या नियमांत ही अट आहे. परक्या माणसाला आपल्या भूमीवर कायमचे राहू देण्यापूर्वी कोणत्याही देशाने त्याची पूर्वपीठिका तपासावी, यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या बाजूचा. ज्याच्या भरवशावर ही स्त्री घरदार, नोकरी आणि मुलूख सोडून निघते, त्या पतीची पूर्वपीठिका तिला कोण सांगणार? भारतीय कायद्याने या प्रश्नाला अद्याप उत्तर दिलेले नाही. उत्तराच्या जवळपास जाणारे एक विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आले. पण त्याचे कायद्यात रूपांतर होऊ शकले नाही.

हा प्रश्न दिल्लीतून पाहिला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या एखाद्या विभागातील फायलीसारखा दिसतो. तो तामिळनाडूतील कुंभकोणममधून पाहिला, तर त्याची व्याप्ती अधिक स्पष्ट होते. तंजावर जिल्ह्यातील या गावात आणि त्याच्या परिसरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळात कावेरीकाठी उतरलेल्या या समाजाने १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाल्यानंतर कारभार आणि शिक्षण यांचा आधार घेतला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. इंदूरचे दिवाण राहिलेले आणि पुढे विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे आर. रघुनाथराव हेही याच गावचे. नोकरीनिमित्त मुलूख बदलणे हे या समाजाला नवे नाही. त्यामुळे मुलगी टोरांटोला किंवा सिडनीला दिली, याचे तेथे अप्रूप राहिलेले नाही.

नवे आहे ते वेगळेच. मराठी घरांत सोयरीक जुळवताना 'स्थळाची चौकशी' हा एक स्वतंत्र विधी असे. कुळ, गोत्र, पत्रिका यांच्याइतकेच महत्त्व या चौकशीला होते. मुलगा काय करतो, कोणाच्या संगतीत असतो, घरात कसा वागतो, आधी कोठे बोलणी होऊन मोडली आहेत काय, याचा शोध मावशी, आत्या, मध्यस्थ आणि शेजारी यांच्या साखळीतून घेतला जाई. कुंभकोणमची चौकशी तंजावरला, तंजावरची चेन्नईला आणि चेन्नईची बंगळूरला होत असे. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. अफवा आणि जातीचा अहंकार यांना तीत मुक्तद्वार होते. तरीही मुलीच्या बापाला विचारण्यासाठी कोणी तरी असे. स्थळ समुद्रापार गेले आणि ही साखळी तुटली. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, लग्न होते आणि तो परत जातो. त्यानंतर चौकशी सुरू होते ती फक्त मुलीची, आणि ती करते सरकार.

ही चौकशी कशी होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी सोळा वर्षांवरील अर्जदाराला पोलीस दाखला द्यावा लागतो. कॅनडा अठराव्या वर्षानंतर सलग सहा महिने वा अधिक काळ वास्तव्य झालेल्या देशांचा विचार करतो. ऑस्ट्रेलिया गेल्या दहा वर्षांत बारा महिने वा अधिक काळ जेथे राहणे झाले, त्या प्रत्येक देशाचा दाखला मागतो. भारतात हा दाखला, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट कार्यालय देते. कुंभकोणमच्या अर्जदाराचे काम तिरुचिरापल्लीच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते आणि जवळचे पासपोर्ट सेवा केंद्र सुमारे चाळीस किलोमीटरवरील तंजावरला आहे. शुल्क ५०० रुपये आहे. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही या दाखल्याचा अर्ज करण्याची सोय परराष्ट्र मंत्रालयाने केली. लहान गावांतील अर्जदारांची त्यामुळे सोय झाली, हे मान्य केले पाहिजे.

पण खरा वेळ जातो तो पडताळणीत. अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याकडे गेला की पत्ता पाहिला जातो, शेजारी विचारपूस होते, ठाण्यातील नोंदी तपासल्या जातात. नवविवाहितेच्या बाबतीत येथेच पहिली अडचण उभी राहते. पासपोर्टवर माहेरचा पत्ता असतो आणि लग्नानंतर ती सासू-सासऱ्यांकडे दुसऱ्या जिल्ह्यात राहत असते. नव्या पत्त्यावरच्या शेजाऱ्यांना तिचे नावही धड ठाऊक नसते. जुन्या पत्त्यावर ती सापडत नाही.

दुसरी अडचण नावाची. तामिळनाडूत आडनाव लावण्याची रीत नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर नावापुढे येते आणि लग्नानंतर पुष्कळदा त्याची जागा पतीच्या नावाचे आद्याक्षर घेते. तंजावरकडच्या मराठी घरांनीही ही रीत बऱ्याच अंशी स्वीकारली. महाराष्ट्रातील नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही त्रिसूत्री तेथे चालत नाही. भारतीय पासपोर्टमध्ये मात्र आद्याक्षर चालत नाही, ते विस्तारून लिहावे लागते. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर तिसरे अशी एकाच स्त्रीची तीन नावे होतात. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकी व्हिसावर तिचे स्वतःचे नावच आडनाव बनते आणि नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे उमटतात. पोलीस दाखल्यावरील नाव या सर्वांशी जुळले नाही, की खुलासे आणि प्रतिज्ञापत्रे यांचा ससेमिरा सुरू होतो. आणि हे खुलासे पतीला नव्हे, पत्नीलाच द्यावे लागतात. कारण नाव तिचे बदललेले असते.

तिसरी अडचण कार्यालयांच्या सरमिसळीची. महाराष्ट्रात पोलीस खात्याकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. तामिळनाडू पोलीसही व्यक्ती आणि नोकरीविषयक पडताळणीची ऑनलाइन सेवा देतात. हे दाखले नोकरी वा भाडेकरार यांसाठी उपयोगी आहेत. परदेशी स्थलांतरासाठी मात्र पासपोर्ट कार्यालयाचा दाखला लागतो. काही वर्षे पुण्यात नोकरी करून कुंभकोणमला परतलेल्या स्त्रीने पुण्याच्या पोलिसांचा दाखला जोडला, तर तो तेथे उपयोगाचा नाही, हे तिला अर्ज परत आल्यावर कळते. तीच स्त्री मध्यंतरी सिंगापूरला असेल, तर तेथील पोलिसांचा वेगळा दाखला हवा. परदेशी नागरिकाला सिंगापूर तो सहजी देत नाही. कोणत्या सरकारने मागितला, याचा पुरावा लागतो आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात. एका सरकारचे पत्र असल्याशिवाय दुसरे सरकार दाखला देत नाही आणि दाखला असल्याशिवाय पहिले सरकार अर्ज पूर्ण मानत नाही, असा हा पेच आहे.

या साऱ्या सव्यापसव्यानंतर हाती येणाऱ्या कागदावर काय असते? अर्जदाराविरुद्ध अमुक देशाच्या व्हिसासह प्रवासाच्या सुविधांना अपात्र ठरवणारी प्रतिकूल माहिती नाही, एवढेच. दाखला त्या एका देशापुरताच असतो. त्यात गुणवर्णन नाही आणि भविष्याची हमीही नाही. या कागदाचे मोल मर्यादित आहे आणि ते तसेच असले पाहिजे. पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमात फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे हे पासपोर्ट नाकारण्याचे कारण मानले आहे. केवळ तक्रार नोंदली जाणे किंवा तपास चालू असणे म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, असे परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. बांधावरून किंवा वाटणीवरून झालेल्या भांडणात घरातील सगळ्यांचीच नावे तक्रारीत घालण्याची प्रथा असलेल्या देशात हा खुलासा मोलाचा होता. तो प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवणे, हे मात्र मंत्रालयाचे आणि राज्यांच्या गृहखात्यांचे काम आहे.

आता दुसरी बाजू पाहू. परदेशी सरकारे प्रायोजक पतीकडे डोळेझाक करतात, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कॅनडाच्या स्थलांतर नियमांनुसार लैंगिक गुन्ह्यात किंवा कुटुंबीयांवरील हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला ठरावीक काळापर्यंत प्रायोजक होता येत नाही. अमेरिकेत २००६ च्या अॅडम वॉल्श कायद्याने अल्पवयीनांविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या नागरिकाला कुटुंबीयांसाठी अर्ज करण्यास सर्वसाधारणपणे अपात्र ठरवले. तेथील २००५ चा विवाह दलालांचे नियमन करणारा कायदा याहून पुढे जातो. वाग्दत्त वधूसाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला आपले ठरावीक गुन्हे उघड करावे लागतात आणि ती माहिती मुलाखतीच्या वेळी त्या स्त्रीला दिली जाते. मात्र भारतात आधी लग्न होते आणि मग पत्नी म्हणून स्थलांतराचा अर्ज जातो. या नेहमीच्या मार्गाला ते संरक्षण नाही. म्हणजे लग्नाआधी अर्ज केला असता तर जे कळले असते, ते मंगलाष्टके झाल्यामुळे कळत नाही.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाने उचललेले पाऊल अभ्यासण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१६ पासून तेथे जोडीदारासाठी प्रायोजक होणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा पोलीस दाखला द्यावा लागतो. त्यातील गंभीर गुन्ह्यांची माहिती अर्जदार जोडीदाराला कळवण्यास त्याला संमती द्यावी लागते. दाखला नाही दिला, तर पत्नीचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. दाखला दोन्ही बाजूंनी मागता येतो आणि त्याने विवाहसंस्था कोसळत नाही, हे या व्यवस्थेने दाखवून दिले.

माहितीचे महत्त्व स्त्री परदेशात पोहोचल्यावर अधिकच जाणवते. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर पत्नीला सशर्त वास्तव्य मिळते आणि ती अट काढण्यासाठी सर्वसाधारणपणे पती-पत्नींनी मिळून अर्ज करायचा असतो. छळ होत असल्यास तिला एकटीने अर्ज करण्याची मुभा आहे. पण ती मुभा ठाऊक असणे आणि ती वापरण्याचे बळ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाने २०१२ मध्ये दोन वर्षे एकत्र राहण्याची अशीच अट घातली होती. छळ होत असलेल्या स्त्रिया वास्तव्य गमावण्याच्या भीतीने गप्प राहतात, ही टीका मान्य करून २०१७ मध्ये ती रद्द केली. परक्या देशात भाषा, पैसा आणि वास्तव्याचा हक्क या तिन्ही गोष्टी नवऱ्याच्या हाती असताना, तो नवरा कोण आहे, हे आधी कळणे ही चैन नव्हे, गरज आहे.

भारतीय राज्यव्यवस्थेला हे ठाऊक नाही, असेही नाही. अनिवासी भारतीय पतीने टाकलेल्या एका पत्नीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच अशा विवाहांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास सुचवले होते. येथे झालेला विवाह परदेशी न्यायालयाने परस्पर रद्द करू नये, पत्नीला पोटगी मिळावी आणि भारतीय न्यायालयाचा हुकूमनामा परदेशात अमलात यावा, अशी त्या सूचनेची दिशा होती. चौदाव्या लोकसभेच्या काळात महिला सक्षमीकरणविषयक संसदीय समितीने २००७ मध्ये अनिवासी पतींनी टाकलेल्या स्त्रियांच्या हालांवर स्वतंत्र अहवाल दिला. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ मध्ये यासाठी वेगळा कक्ष सुरू झाला.

त्यानंतर ११ फेब्रुवारी २०१९ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले. सोळाव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाला तेव्हा दोन दिवस उरले होते. तीस दिवसांत विवाहाची नोंदणी, नोंदणी न केल्यास पासपोर्ट जप्त करण्याचा अधिकार, परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून समन्स आणि फरारी पतीच्या मालमत्तेवर टाच, अशा त्यातील तरतुदी होत्या. राज्यसभेत मांडलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने व्यपगत होत नाही, त्यामुळे ते तांत्रिकदृष्ट्या वाचले. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने मार्च २०२० मध्ये त्यावर अहवाल सादर केला. कायदा मात्र झाला नाही.

झाला असता, तरी तो अपुरा पडला असता. त्या विधेयकातील अनिवासी भारतीय म्हणजे परदेशात राहणारा भारतीय नागरिक. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, तो या व्याख्येतच बसत नाही. आणि पत्नीसाठी अर्ज करणाऱ्यांत अशा पतींचा वर्ग मोठा आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८७ व्या अहवालात हीच उणीव दाखवली. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदलेल्यांनाही लागू होईल असा सर्वंकष कायदा करावा, अशा विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, आणि पती-पत्नींचे पासपोर्ट एकमेकांशी जोडून त्यावर विवाहनोंदणीचा क्रमांक नमूद करावा, अशा शिफारशी आयोगाने केल्या. विधेयक आणि अहवाल दोन्ही लग्नानंतरच्या फसवणुकीचा बंदोबस्त करू पाहतात. फसवणुकीच्या आधीची पायरी, म्हणजे माहिती, मात्र दोन्हींत दुय्यम राहिली आहे.

ही पायरी भरून काढणे अवघड नाही. कॅनडातील रहिवाशाला तेथील केंद्रीय पोलीस दलाकडून, अमेरिकेतील रहिवाशाला एफबीआयकडून आणि ऑस्ट्रेलियातील रहिवाशाला तेथील संघीय पोलिसांकडून स्वतःच्या गुन्हेनोंदीचा दाखला मागता येतो. परदेशस्थ वराने भारतात विवाहनोंदणीचा अर्ज देताना वास्तव्याच्या देशाचा असा दाखला जोडावा आणि त्याची प्रत वधूला द्यावी, एवढी तरतूद पुरेशी आहे. ती केवळ नोंदणीपुरती ठेवली, तर लग्नानंतर कळून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. पण नोंदणीच्या वेळी दाखला लागणार, हे एकदा ठाऊक झाले, की तो बोलणीच्या वेळीच मागितला जाईल. आज पत्रिका जशी न लाजता मागितली जाते, तसा.

यासाठी संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. विवाह हा समवर्ती सूचीतील विषय आहे. तामिळनाडूचा २००९ चा विवाहनोंदणी कायदा नव्वद दिवसांत नोंदणी सक्तीची करतो; महाराष्ट्राचा विवाह मंडळांचे नियमन आणि विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. मंत्रालयातील आणि चेन्नईच्या सचिवालयातील अधिकाऱ्यांनी मनावर घेतले, तर नोंदणीच्या नमुन्यात एक रकाना आणि जोडपत्रांच्या यादीत एक कागद वाढवण्याचा प्रस्ताव ते मांडू शकतात. परदेशी नागरिकाचा विवाह विशेष विवाह कायद्याखाली नोंदवताना तो अविवाहित असल्याबद्दल त्याच्या दूतावासाचे पत्र मागण्याची पद्धत अनेक निबंधक कार्यालयांत आहेच. तेव्हा वराकडून कागद मागणे नवे नाही.

याला आक्षेप येतील. पहिला खासगीपणाचा. गुन्ह्याची जुनी नोंद जन्मभर पाठीशी लागू नये, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. म्हणून दाखला फक्त वधूला मिळावा, तो जाहीर होऊ नये आणि केवळ हिंसेच्या व फसवणुकीच्या सिद्ध गुन्ह्यांपुरता असावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरातल्या मारहाणीची पोलिसांत तक्रार पुष्कळदा होतच नाही; मग कोऱ्या दाखल्याने खोटा विश्वास निर्माण होणार नाही काय? हा धोका आहे. दाखला म्हणजे सच्छीलतेची हमी नव्हे, हे सांगावेच लागेल. पण हेच वधूच्या दाखल्यालाही लागू आहे. मर्यादित मोलाचा कागद म्हणून तो तिच्याकडून मागायचा आणि त्याच कारणास्तव त्याच्याकडून मागायचा नाही, ही तर्कसंगती टिकणारी नाही. तिसरा आक्षेप लाचखोरीचा आणि दिरंगाईचा. तो वराच्या दाखल्यापेक्षा आपल्याच ठाण्यांना अधिक लागू पडतो. त्यावर उपाय म्हणजे पडताळणीला बंधनकारक मुदत, आणि आद्याक्षरांची नावे असलेल्या राज्यांसाठी नावांच्या जुळणीचा एकच, लेखी नियम.

कुंभकोणमच्या रघुनाथरावांनी विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा लग्न हा घरातला मामला आहे, त्यात सरकारने आणि सुधारकांनी पडू नये, असेच बहुतेकांचे मत होते. आज सरकार लग्नाच्या मामल्यात चांगलेच पडलेले आहे. ते नवविवाहितेच्या दारात पोलीस पाठवते, शेजाऱ्यांना विचारते, पाचशे रुपये घेते आणि दाखला देते. पुढच्या वेळी संसदेत हा विषय निघेल, तेव्हा सदस्यांनी मंत्र्यांना एकच पूरक प्रश्न विचारावा. जी चौकशी सरकार परदेशी सरकारांसाठी वधूची करते, तीच वधूसाठी वराची करून देण्यात अडचण कोणती?